गर्जना आणि गाऱ्हाणं

१ मेच्या सकाळी कळंबोलीत आमच्या चौकातल्या मंडळाच्या स्पीकरवर ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ लागतं. बाजूच्या रस्त्यावर रात्रभर उभे असलेले ट्रेलर त्याच वेळी सुरू होत असतात, त्यामुळे शाहीर साबळ्यांचा आवाज आणि डिझेल इंजिनांची घरघर एकमेकांत मिसळते. आमचे आबा गॅलरीत खुर्ची घेऊन बसतात. गाणं सुरू झालं की उठून उभे राहतात. नद्यांची नावं येतात, त्यात कोयना येते, आणि आबा दरवर्षी तेच म्हणतात, “कोयना आली बघ.”

आबांचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. शिवसागर जलाशयाचं पाणी चढलं तेव्हा ते लहान होते. पुढे ते मुंबईला आले, कर्नाक बंदरच्या लोखंड बाजारात माथाडी झाले, आणि बाजार कळंबोलीला हलला तसे बाजारामागोमाग इथे आले. ज्या नदीने गाव घेतलं तिचं नाव गाण्यात ऐकून त्यांची मान ताठ का होते, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम होतात. गळ्यात आवंढा येतो आणि चीडही येते. हा लेख त्या दोन गोष्टींची उकल करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी आपल्या महाराष्ट्रगीतांकडे कविता म्हणून नीट बघायला हवं असं मला वाटतं. ती आपण ऐकतो, त्यांना उभे राहतो, पण वाचत नाही.

*

मराठीत महाराष्ट्राच्या स्तवनाची तीन गीतं सर्वांच्या ओळखीची आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘बहु असोत सुंदर’, गोविंदाग्रजांचं म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं ‘मंगल देशा’, आणि राजा बढे यांचं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’. तिसऱ्याला श्रीनिवास खळ्यांनी चाल दिली, शाहीर साबळ्यांनी आवाज दिला आणि २०२३ साली शासनाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारलं.

या तिघांची जन्मगावं बघण्यासारखी आहेत. कोल्हटकर नागपूरचे, बढेही नागपूरचे, आणि गडकरी जन्मले गुजरातेतल्या नवसारीला. म्हणजे आज ज्याला आपण महाराष्ट्राचा मध्य समजतो, त्या मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातला एकही नाही. कोल्हटकर आणि गडकरी लिहीत होते तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. मराठी मुलूख मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांत वाटलेला होता. त्यांनी ज्याला प्रणाम केला तो नकाशावर नसलेला देश होता. नसलेल्या गोष्टीचं स्तवन करताना तक्रार कशाबद्दल करणार? त्यामुळे त्या दोघांच्या गीतांत गाऱ्हाणं नाही याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

तरी दोघांत फरक आहे. कोल्हटकरांची सुरुवात मला अजून आवडते. जगात सुंदर आणि संपन्न देश पुष्कळ असतील, असोत बापडे, आमचा आम्हाला प्रिय आहे, एवढंच तिचं म्हणणं आहे. श्रेष्ठत्वाचा दावा नाही, प्रेमाचा आहे. आई जगात सर्वांत देखणी आहे म्हणून कुणी आईवर प्रेम करत नाही, तसं. पण पुढे हा सूर टिकत नाही. पराक्रमाची यादी सुरू होते आणि मराठ्यांच्या घोड्यांनी अटकेला पाणी पिण्यापर्यंत पोचते.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या गडकऱ्यांनी अधिक चांगली कविता लिहिली. त्यांच्या गीताचा सगळा जीव विरोधाच्या जोड्यांत आहे. खडबडीतपणाशेजारी कोवळीक, दगडांशेजारी फुलं, काटेरी करवंदीशेजारी बकुळ आणि प्राजक्त, भक्तीशेजारी बुद्धी. हा प्रदेश एकसुरी नाही, त्यात न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र नांदतात, हे त्यांना नेमकं दिसलं होतं. मला त्यांची मर्यादा वाटते ती ही, की या जोड्या निसर्गाच्या आणि गुणांच्या आहेत, माणसामाणसांतल्या नाहीत. दगड आणि फूल यांचं भांडण नसतं. जमीन असलेला आणि जमीन गेलेला यांचं असतं. गडकऱ्यांचा महाराष्ट्र विरोधाभासांनी भरलेला आहे, पण त्यातला एकही विरोधाभास कुणाला दुखत नाही.

बढ्यांचं गीत या दोघांहून वेगळं आहे, कारण त्याच्यात श्रम आहेत. त्यात दारिद्र्याचं ऊन आहे, घाम आहे, देशासाठी झिजणं आहे, मनगटांना पोलादाची उपमा आहे. राज्यगीतात गरिबीचा उल्लेख असणं ही साधी गोष्ट नाही, आणि याचा मला खरोखर अभिमान वाटतो. पण ती गरिबी तिथे काय काम करते तेही बघायला हवं. ती पराक्रमाची भट्टी आहे. माणूस तिच्यात शिजतो, मजबूत होतो, आणि शेवटी दिल्लीचं तख्त राखायला जातो. त्याला दारिद्र्यात कुणी ठेवलं, त्याच्या घामाची मजुरी किती झाली, हे विचारायला गाणं थांबत नाही. आणि घोडे इथेही आहेत. इथे ते यमुनेचं पाणी पितात.

आमच्याकडच्या गौरवाचं हे एक ठरलेलं माप दिसतं. आपले घोडे दुसऱ्याच्या नदीवर पाणी प्याले की आपण मोठे. आपल्या नदीचं पाणी पिण्यासारखं आहे का, हा प्रश्न त्या मापात बसत नाही. बढ्यांच्या नद्यांच्या यादीत कोकणातली एकही नदी नाही. आमच्या जवळून कासाडी नदी जाते, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातले भटके कुत्रे निळे झाले आणि त्यांचे फोटो जगभर छापून आले. कारखान्यातला रंग पाण्यात सोडला जात होता आणि कुत्रे त्या पाण्यात उतरत होते. महाराष्ट्राच्या एका नदीचं नाव परदेशी वर्तमानपत्रांत पोचलं ते असं. या नदीसाठी स्तवनात जागा नाही याचं मला वाईट वाटत नाही. स्तवनाच्या भाषेत तिच्याबद्दल बोलायची सोयच नाही, याचं वाटतं.

*

उपमेतलं पोलाद आणि बाजारातलं पोलाद यांत अंतर असतं. कळंबोलीचा लोखंड बाजार आशियातल्या मोठ्या बाजारांत गणला जातो असं इथे सगळे अभिमानाने सांगतात. तिथे सळया, अँगल, चॅनेल, पत्रे यांची चढउतार माथाडींच्या टोळ्या करतात. खांद्यावर गोणपाटाची घडी, हातात आकडा. आबांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडलेला आहे, निवृत्तीनंतरही तो गेला नाही. मनगट पोलादी असतं म्हणजे काय, ते मी त्या खांद्यावर बघितलेलं आहे. पोलाद माणसाला मजबूत करत नाही, झिजवतं.

पण याच ठिकाणी अभिमानाचा भक्कम पुरावाही आहे. १९६९ सालचा माथाडी कायदा महाराष्ट्राने केला. ज्याचा मालक रोज बदलतो, ज्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं, अशा हमालाला कायद्याने कामगार म्हणून ओळख दिली. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरतो, मंडळ त्यातून पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार देतं. अण्णासाहेब पाटलांनी मशीद बंदर भागातल्या हमालांना संघटित केलं त्याचं हे फळ. देशात असा कायदा आधी नव्हता. आबांना आज जे काही पैसे हातात आहेत ते या कायद्यामुळे. रोजगार हमी योजनाही इथलीच. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती लोकांच्या उपयोगी पडली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशाने तो कित्ता गिरवला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाही महाराष्ट्राने १९७६ सालीच केला.

मला घोड्यांपेक्षा या तीन कायद्यांचा अभिमान वाटतो, आणि गाण्यात जर काही घालायचं असेल तर ते हे घालावं असं वाटतं. पण चीडही याच कायद्यांच्या पोटातून येते. पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली, कोयनेचं पाणी चढलं त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी. कोयनेवर आज सुमारे १,९६० मेगावॅट वीज तयार होऊ शकते, तिला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात, आणि तिथल्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या जमिनीच्या मागणीसाठी आजही आंदोलनाला बसतात. माथाडी कायद्याचं नाव घेऊन खंडणी मागणारेही निघाले, आणि त्यांचं निमित्त पुढे करून कायद्यालाच हात घालण्याचे प्रयत्नही झाले. सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेलं राज्य शेतकऱ्यांच्या आत्महत्यांतही वर्षानुवर्षं पहिलं आहे. आपण सुरुवात फार चांगली करतो. देशातला पहिला द्रुतगती मार्गसुद्धा आमच्या कळंबोलीतूनच सुरू होतो. आणि त्या मार्गाच्या तोंडाशी, कळंबोली सर्कलला, माणूस अर्धा तास अडकून पडतो. मला आमच्या राज्याचं याहून नेमकं चित्र सापडलेलं नाही.

*

स्तवनाच्या भाषेत हे सांगता येत नाही, तर कुठल्या भाषेत येतं? मराठीत तक्रारीचीही मोठी परंपरा आहे, आणि गंमत अशी की ती पुष्कळदा त्याच गळ्यातून आली आहे.

शाहीर साबळ्यांनी राज्यगीत गायलं, आणि त्याच साबळ्यांनी ‘आंधळं दळतंय’ हे लोकनाट्यही केलं. मुंबईत मराठी माणूस दळत बसलाय आणि पीठ दुसरंच कुणी खातंय, हे त्यातलं म्हणणं. म्हणीचा उरलेला अर्धा भाग प्रेक्षकाला पाठ होता, त्यामुळे नावातच सगळं येत होतं. राज्य मिळाल्यावर थोड्याच वर्षांत, गर्जना करणाऱ्या गायकालाच गाऱ्हाणं मांडावंसं वाटलं. मला हे विसंगत वाटत नाही, प्रामाणिक वाटतं. साबळ्यांचा गौरव करताना आपण पहिली गोष्ट लाऊडस्पीकरवर लावतो आणि दुसरी अभ्यासकांकडे सोपवतो.

तरी ‘आंधळं दळतंय’मधून पुढे जे राजकारण वाढलं त्याकडे मला कौतुकाने बघता येत नाही. त्या तक्रारीने पीठ खाणारा कोण हे फार लवकर ठरवून टाकलं. तो बाहेरचा. आधी दक्षिणेचा, मग उत्तरेचा. कळंबोलीत राहणाऱ्या माणसाला हे उत्तर पुरत नाही, कारण इथली सगळ्यात मोठी तक्रार बाहेरच्याविरुद्ध नाहीच.

सिडको १९७० साली स्थापन झाली, महाराष्ट्र शासनाची कंपनी म्हणून. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आगरी, कोळी, कराडी लोकांची भातशेती, मिठागरं, खाडी. रोडपाली, खिडूकपाडा, कळंबोली ही त्यांतलीच गावं. १९८४ च्या जानेवारीत जासई भागात योग्य मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. नेतृत्व दि. बा. पाटलांचं होतं, शेतकरी कामगार पक्षाचे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या काळात घडलेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांना मिळाला तो या आंदोलनातून.

इथे जरा थांबायला हवं. फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या झाडल्या तेव्हा सरकार मोरारजी देसाईंचं होतं. त्या हुतात्म्यांचं स्मारक राज्याच्या छातीवर आहे. जासईला गोळ्या झाडल्या तेव्हा राज्य मराठी होतं, मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते, पोलीस मराठी, जमीन घेणारी संस्था मराठी राज्याची, मेले तेही मराठी. त्यांनाही हुतात्मेच म्हणतात, पण ते उरण-पनवेलच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. ‘महाराष्ट्र माझा’ म्हणताना ‘माझा’ कुणाचा, हा प्रश्न जासईला जितका टोकदार होतो तितका दुसरीकडे क्वचितच होत असेल. २०२१ साली नव्या विमानतळाच्या नावावरून वाद झाला तेव्हा एकीकडे बाळासाहेब ठाकऱ्यांचं नाव होतं आणि दुसरीकडे दि. बां.चं. पुढच्या वर्षी शासनाने दि. बां.च्या नावाचा निर्णय घेतला. वाद नावाचा होता, पण त्यात मराठी तक्रारीच्या दोन परंपरा समोरासमोर उभ्या होत्या. एक विचारत होती, बाहेरच्याने काय नेलं. दुसरी विचारत होती, घरच्याने काय नेलं.

यात आमचं घर कुठे बसतं? कोयनेने उठवलेली माणसं सिडकोने उठवलेल्यांच्या जमिनीवर येऊन राहिली. आम्ही फसवले गेलेल्यांत आहोत आणि लाभ झालेल्यांतही. सेक्टरमधल्या ज्या घरात मी हे लिहितोय त्याखाली कुणाचं तरी भातखाचर आहे. त्यामुळे माझी तक्रार सरळ एका बाजूने करता येत नाही. मला वाटतं आज महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरी माणसांची हीच गत आहे, फक्त आपण कुणाच्या खाचरावर राहतो हे प्रत्येकाला ठाऊक नसतं.

*

या सगळ्याला पुरून उरेल अशी एक रचना मराठीत आहे, आणि ती राज्यगीत कधीच होणार नाही. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड.

अण्णाभाऊ वाटेगावचे, लहानपणी आईवडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले. छक्कडीतला माणूसही तसाच. पोट भरायला मुंबईला आला, बायको गावाकडे राहिली. आधी तिचं वर्णन करतो, भरभरून, लावणीच्या ढंगात. मग मुंबई दिसते, तिथली श्रीमंती आणि तिच्या पायाशी असलेली उपासमार. मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ येते. आणि शेवटी बेळगाव, कारवारसारखे तुटून राहिलेले भाग येतात, आणि कळतं की मैना आता एकटी बायको राहिलेली नाही. जी माझी आहे आणि जी माझ्यापाशी नाही, अशी ती सगळी भूमी आहे.

स्तवनगीतांत आणि या छक्कडीत नेमका काय फरक आहे? स्तवनगीतातला गाणारा देशापुढे हात जोडून उभा आहे. त्याचा स्वतःचा पत्ता नाही, धंदा नाही, भूक नाही. छक्कडीतला गाणारा कुठून आला, का आला, काय सोडून आला हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्याचं प्रेम खरं वाटतं. तिथे अभिमान आणि तक्रार आलटून पालटून येत नाहीत, एकाच श्वासात येतात. मैनेचं कौतुक जितकं वाढतं तितकी ती दूर असल्याची कळ वाढते. कौतुक हाच तक्रारीचा पुरावा आहे. जिच्यावर जीव नाही तिच्यासाठी माणूस असा तळमळत नाही.

२०२२ साली मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला. चांगलं झालं. पुतळ्याला तक्रार करता येत नाही, हीही त्यात एक सोय आहे.

*

कोकणात देवळात गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवापुढे उभा राहतो, आधी देवाची बिरुदं घेतो, सीमेवरच्या सगळ्या दैवतांची नावं घेऊन त्यांना मान देतो. मग सांगतो, हे असं असं बिघडलंय, ते दूर कर. जमलेले लोक “होय महाराजा” म्हणतात. त्यात स्तुती आणि तक्रार वेगळी काढता येत नाही. स्तुती आधी येते कारण तक्रार करण्याचा हक्क तिने सिद्ध होतो. तू एवढा मोठा आहेस, म्हणून तर हे तुला सांगतोय. आपल्या संतांनीही विठ्ठलाशी भांडताना हेच केलं.

मला वाटतं आपल्या महाराष्ट्रगीतांनी यातला पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा देवळातच ठेवला. बिरुदं सगळी घेतली, पुढे काही मागितलंच नाही. आणि आमच्या तक्रारीच्या राजकारणाने उलट केलं. मागणी ठेवली, पण ती देवापुढे न ठेवता शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवली.

राज्यगीत बदला असं माझं म्हणणं नाही. गाण्यांना समित्यांनी दुरुस्त करू नये. शाळांतून ते म्हटलं जातं, म्हटलं जावं. फक्त मराठीच्या तासाला ते वाचलंही जावं. कोयना आली की कोयनेचं काय झालं हे शिक्षकाने सांगावं, मनगट आलं की माथाडी कायदा सांगावा, आणि शेजारी ‘माझी मैना’ ठेवावी. त्याने अभिमान कमी होईल अशी भीती असेल, तर तो अभिमान फार कच्चा आहे.

गेल्या १ मेला मी आबांना शेवटी विचारलंच. तुमचं गाव बुडालं त्या नदीचं नाव ऐकून तुम्ही उभे कसे राहता? ते म्हणाले, “नदीनं काय केलं? नदी हुतीच की आधीपासनं. धरण सरकारनं बांधलं.” मग थोडं थांबून म्हणाले, “आन् लाइट मुंबैला गेली, तर तिथं आपणच हुतो की.”

खाली ट्रेलर निघाले होते आणि स्पीकरवर दुसरं गाणं लागलं होतं. आबा बसले, आणि खांदा चोळत त्यांनी मला साडेबारा टक्क्यांच्या फायलीबद्दल विचारलं. ती आमची नव्हे, रोडपालीच्या त्यांच्या एका मित्राची. कागद नीट लागतात का बघ म्हणाले, त्याला वाचता येत नाही.